काढून टाकलेला अंकुश

जुनी मोटार दुरुस्तीला गेली की मालकाच्या कानावर अनेकदा एक सल्ला पडतो. गाडी चढणीला दम टाकते, पेट्रोल जास्त पिते, तेव्हा सायलेन्सरच्या आधी बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाका आणि त्या जागी साधी नळी जोडून घ्या. डिझेलची गाडी असेल तर ईजीआर व्हॉल्व्हची वाट पत्रा घालून बंद करा. खर्च किरकोळ, आणि गाडी म्हणे 'मोकळी' होते! गाडी आपली, पैसा आपला, यात तिसऱ्याचा संबंध काय, असा मालकाचा सवाल असतो. वस्तुतः या व्यवहारात तिसऱ्याचाच संबंध सर्वांत अधिक आहे.

ही उपकरणे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून जन्मलेली नाहीत. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारे, डोळे चुरचुरविणारे धुरके मोटारींच्या धुरातील व तेलाच्या वाफांतील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. अमेरिकेने १९७० साली कडक कायदा केला आणि १९७५ पासून तेथील बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर आला. आपल्याकडे १९९५ साली शिसेविरहित पेट्रोलबरोबर तो प्रथम चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप दिलेले हे जाळे विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते.

यामुळे गाडीची ताकद जाते, ही समजूत मात्र चिवट आहे. तिला एके काळी आधार होता. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकी कारखानदारांनी घाईघाईने इंजिनांचा दाब उतरविला, ठिणगीची वेळ मागे ओढली आणि गाड्या खरोखरच मंदावल्या. पुढे इंधन-इंजेक्शन आले, धुरातील प्राणवायू मोजणारे सेन्सर आले आणि ती अडचण ओसरली. ग्रह तेवढा उरला. धडधाकट कन्व्हर्टरने गाडीच्या ताकदीत पडणारा फरक अगदी अल्प असतो. तो चोंदतो तेव्हा बहुधा इंजिन ऑइल जाळत असते, किंवा प्लग नीट पेटत नसल्याने कच्चे पेट्रोल पुढे जाऊन आतले जाळे वितळविते. विकार एकीकडे आणि शस्त्रक्रिया दुसरीकडे, असा हा उपचार आहे. शिवाय त्यातील धातूंमुळे काढलेल्या डब्याला भंगारातही चांगला भाव येतो. तो कोणाच्या खिशात जातो, हे ग्राहकाने अवश्य विचारावे.

डिझेल गाडीची कथा याहून चमत्कारिक आहे. ईजीआर व्हॉल्व्ह धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवितो. त्याने नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात, पण काजळी किंचित वाढते. तो बंद केला की काजळी कमी आणि अदृश्य विष अधिक! आपली पीयूसी चाचणी डिझेल गाडीच्या धुराचा केवळ काळेपणा मोजते. परिणामी अपराधी गाडीच परीक्षेत अधिक स्वच्छ ठरू शकते. पेट्रोल गाडीच्या चाचणीतही नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. डोळ्यांना दिसेल तेवढाच धूर, हा आपला न्याय. फुप्फुसांना तो मान्य नाही.

असा डोळा चुकविण्याचा मोह थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरत्या शुद्ध वागत, हे २०१५ साली उघड झाले. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती करामत होती. आपल्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्या कंपनीला पाचशे कोटींचा दंड सुनावला. कारखान्याने केले ते पाप आणि गॅरेजात होते ती दुरुस्ती, असा भेद करता येणार नाही.

कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहनात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण पीयूसी केंद्रावर कोणी वाकून गाडीखाली पाहत नाही, तोवर ते कलम कागदावरच राहणार. नळीत सळई घालून आकडा काढण्याबरोबरच उपकरण जागेवर आहे की नाही, हे पाहण्याची सक्ती झाली पाहिजे. अमेरिकेने १९७७ साली दुरुस्ती करणाऱ्यांनाही या बंदीच्या कक्षेत आणले; ते अनुकरणीय आहे, कारण मालक हे काम सहसा स्वतः करीत नाही.

मात्र दंडाबरोबर दयेचाही विचार हवा. पंधरा वर्षांची गाडी जपून वापरणारा माणूस बहुधा चैनीसाठी ती ठेवीत नाही. नव्या कन्व्हर्टरची किंमत त्याच्या गाडीच्या मोलाशी स्पर्धा करू लागली, तर तो साध्या नळीकडेच वळणार. प्रमाणित सुटे भाग रास्त दरात मिळतील, अशी तजवीज शासनाने आणि कारखानदारांनी करावी.

रस्त्याच्या कडेला शाळेच्या बसची वाट पाहणारे मूल, दिवसभर चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, गाड्यावर भाजी विकणारी बाई यांना या सौद्यात कोणी विचारीत नाही. लिटरमागे वाचलेल्या चार पैशांची किंमत त्यांच्या श्वासातून वसूल होते. गाडी आपली असेल; हवा आपल्या एकट्याची नव्हे.