पाच वाक्यांचे पत्र, ६०८ संदर्भ

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात एक छोटेसे पत्र छापून आले. पत्र कसले, अवघी पाच वाक्ये होती ती. लिहिणारे होते बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना कोणती औषधे दिली जातात आणि त्यांचे काय परिणाम होतात, याच्या नोंदी ठेवण्याचा मोठा प्रकल्प तिथे सुरू होता. त्या नोंदी चाळून दोघांनी कळवले, की ३९,९४६ रुग्णांपैकी ११,८८२ जणांना एकदा तरी अफूवर्गीय वेदनाशामक मिळाले. ज्यांना आधीपासून व्यसन नव्हते, अशांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद आहे आणि त्यातले गंभीर म्हणावे असे एकच.

पत्रात खोटे काही नव्हते. मात्र औषध किती मात्रेत दिले, किती दिवस दिले, कशासाठी दिले, रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झाले, यातले काहीच त्यात नव्हते. पाच वाक्यांत ते मावणारही नव्हते. रुग्णालयातल्या खाटेवर, परिचारिकेच्या नजरेसमोर मिळालेल्या औषधाबद्दलची ती एक नोंद होती, एवढेच.

पुढे याच पत्राचा आधार कुठे कुठे दिला गेला, हे वाचले की संदर्भ देण्याच्या कामाकडे आपण ‘कारकुनी’ म्हणून पाहणे सोडून देतो.

पत्राचा प्रवास

१९८०च्या आणि ९०च्या दशकांत अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे एक खरा प्रश्न होता. व्यसनाच्या भीतीने रुग्णांच्या वेदनांवर पुरेसा उपचार होत नव्हता. ‘अफूवर्गीय औषधांची एवढी भीती बाळगू नका’ असे सांगणाऱ्यांना पुरावा हवा होता. तो या पत्रात सापडला. पत्राचा मथळा होता ‘अमली वेदनाशामकांनी उपचार केलेल्या रुग्णांत व्यसन विरळ’. ‘रुग्णालयात दाखल’ हे शब्द मथळ्यात नव्हते. ते आतल्या मजकुरात होते. ज्याने फक्त मथळा वाचला, त्याच्या हातून ती अट सुटली.

मग रुग्णालयातल्या रुग्णांचा निष्कर्ष घरी बसून महिनोन् महिने पाठदुखी, सांधेदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्यांना लावला जाऊ लागला. १९९५च्या अखेरीस ऑक्सिकॉन्टिन या गोळीला मंजुरी मिळाली आणि १९९६ पासून ती बाजारात आली. तिच्या उत्पादक पर्ड्यू कंपनीच्या विक्री प्रतिनिधींना व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी असल्याचे डॉक्टरांना सांगायला शिकवले गेले. ११,८८२ पैकी चार हे गणित अशा वेळी फार सोयीचे असते. २००७ मध्ये व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीच्या बाजूने न्यायालयात कबूल करण्यात आला आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. तोवर लाखो लोकांच्या घरात त्या गोळ्या पोहोचल्या होत्या.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने तिथे सुमारे ६ लाख ४५ हजार माणसे दगावली. यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आहेत, तसेच बेकायदा हेरॉइन आणि फेंटानिलही आहे. एवढ्या मोठ्या संकटाचे खापर एका पत्रावर फोडणे चूक ठरेल. पण ‘व्यसन लागत नाही, पुरावा आहे’ हा विश्वास डॉक्टरांच्या मनात रुजवण्यात त्या पत्राचा वाटा होता, हे आता सर्वमान्य आहे.

हिशेब मांडला तेव्हा

२०१७च्या जूनमध्ये कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी या पत्राचा हिशेब मांडला आणि तो त्याच नियतकालिकात छापून आला. १९८० पासून हे पत्र ६०८ वेळा संदर्भ म्हणून वापरले गेले होते. त्याच सुमाराला तिथेच छापलेल्या अशा इतर पत्रांच्या वाट्याला साधारण अकरा संदर्भ आले होते. ६०८ पैकी ४३९ लेखांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, ‘व्यसन विरळ असते’ याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले होते. आणि ४९१ लेखांनी, म्हणजे जवळजवळ ८१ टक्क्यांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट नमूदच केली नव्हती. ऑक्सिकॉन्टिन आल्यानंतर संदर्भांची संख्या एकदम वाढल्याचेही त्यांना आढळले. हे प्रसिद्ध झाल्यावर नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर त्या जुन्या पत्राच्या माथ्यावर सावधगिरीची टीप लावली. डॉ. जिक यांनीही आपल्या पत्राचा असा वापर झाल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी. त्या शेकडो लेखांच्या शेवटी दिलेला तपशील औपचारिक अर्थाने बरोबर होता. लेखकांची नावे, वर्ष १९८०, खंड ३०२, पृष्ठ १२३. त्या पानावर ते पत्र आजही आहे. संदर्भाचा पत्ता बरोबर होता, पण त्या पत्त्यावर राहणारा माणूस जे बोलला नव्हता ते त्याच्या तोंडी घातले गेले होते.

न वाचता दिलेला दाखला

असे का होते? सरळ कारण म्हणजे मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उतरवून घेणे. परीक्षेत दोन मुलांची उत्तरे एकच असतील तर काही सिद्ध होत नाही, पण दोघांची चूक एकसारखी असली की मास्तरांच्या लक्षात येते. अमेरिकेतल्या सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी हीच युक्ती वापरली. १९७३ मधला भौतिकशास्त्रातला एक गाजलेला शोधनिबंध त्यांनी घेतला. त्याचा दाखला सुमारे ४,३०० वेळा दिला गेला होता. त्यापैकी १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष लिहिताना चूक झाली होती. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या. पानाच्या क्रमांकातली एकच चूक तब्बल ७८ जणांनी केली होती. एकच चूक ७८ जण स्वतंत्रपणे करत नाहीत. या सगळ्यावरून त्यांनी २००३ मध्ये अंदाज बांधला, की दाखला देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के लोक मूळ लेख वाचत असावेत. हा गणिती अंदाज आहे, शिरगणती नव्हे. पण वैद्यकीय नियतकालिकांची तपासणी करणाऱ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही साधारण चारातला एक दाखला मूळ लेखाशी पूर्णपणे जुळत नसल्याचे दिसले.

आमच्याकडे एम.डी., एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दिवसा ओपीडी, रात्री इमर्जन्सी आणि उरलेल्या वेळात प्रबंध. आधीच्या तुकडीतल्या सीनियरचा प्रबंध हाताशी असतोच. त्यातले ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण थोडेफार शब्द बदलून घ्यायचे आणि संदर्भसूची जशीच्या तशी, हा मोह कुणालाही होईल. हल्ली वाङ्मयचौर्य पकडणारे सॉफ्टवेअर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे आणि ६० टक्क्यांच्या वर साम्य निघाले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. त्यामुळे मुले आता टक्केवारीला घाबरतात. पण ते सॉफ्टवेअर शब्द जुळतात का एवढेच पाहते. दिलेला संदर्भ ते विधान खरोखर करतो का, हे त्याला कळत नाही. चौर्य शून्य टक्के आणि दाखले सगळे चुकीचे, असा प्रबंध सहज पास होऊ शकतो.

बरोबर संदर्भ म्हणजे काय?

तांत्रिक भाग सोपा आहे. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि त्यांनी हस्तलिखिताचे सामायिक नियम ठरवले. त्यातून ‘व्हँकूव्हर पद्धत’ हे नाव पडले. मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतील त्या क्रमाने १, २, ३ असे आकडे द्यायचे आणि शेवटी त्याच क्रमाने लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पाने लिहायची. इतर विद्याशाखांत लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात देण्याची रीत आहे. कोणतीही पद्धत चालते, फक्त एकच धरून चालावे. आता बहुतेक शोधनिबंधांना डीओआय नावाचा कायमस्वरूपी क्रमांकही असतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी त्या क्रमांकावरून लेख सापडतो.

अवघड भाग पुढचा आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक संदर्भासमोर चार प्रश्न विचारायला सांगतो.

मूळ लेख उघडून वाचला का? फक्त सारांश वाचून संख्या उचलू नये. लेख मिळत नसेल तर ग्रंथपालांना विचारावे, नाहीतर लेखकाला मेल करावा. बरेच लेखक आनंदाने प्रत पाठवतात. तरीही मिळाला नाही, तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

अभ्यास कोणावर झाला? दाखल रुग्णांवर की बाह्यरुग्ण विभागात, मुलांवर की प्रौढांवर, माणसांवर की उंदरांवर? पाच वाक्यांच्या पत्राची सगळी गोष्ट याच प्रश्नात आहे.

हा अभ्यास आहे, आढावा आहे, की नुसते मत? पत्राला पत्र म्हणावे आणि मताला मत.

लेख अजून उभा आहे का? शोधनिबंध मागेही घेतले जातात. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर अशा लेखांवर तशी ठळक सूचना असते. ती पाहायला अर्धे मिनिट लागते.

अलीकडे पाचवा प्रश्न जोडावा लागला आहे. हा लेख मुळात अस्तित्वात आहे का? चॅटजीपीटीसारख्या साधनांना संदर्भ मागितले, तर कधी कधी ती अगदी खऱ्यासारखी नावे, नियतकालिक, वर्ष, पाने रचून देतात आणि शोधायला गेलात तर असा लेखच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच कल्पित निकालांचे दाखले दिले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. वकिलाच्या कागदात समोरचा पक्ष तरी तपासणारा असतो. प्रबंधात अनेकदा तोही नसतो.

तुमच्या फोनवरचे संशोधन

प्रबंध न लिहिणाऱ्या वाचकाला याच्याशी काय देणेघेणे? आहे. ‘हार्वर्डच्या संशोधनानुसार’, ‘एका अभ्यासात सिद्ध झाले आहे’ ही वाक्ये रोज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. त्यावर विश्वास ठेवून मधुमेहाची गोळी बंद करणारे आणि रक्तदाबाऐवजी काढा घेणारे रुग्ण आमच्या वॉर्डात दाखल होतात. असा मजकूर आला की विचारा, अभ्यास कोणाचा, कोणत्या वर्षीचा, किती माणसांवर? यातले काहीच दिलेले नसेल, तर तो मजकूर पुढे पाठवू नका. दिलेले असेल, तर मोबाइलवरच शोधून पाहा. नाहीच समजले तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. दाखवेपर्यंत चालू औषध थांबवू नका.

आणि एक विनंती या लेखाबद्दलच. ‘वेदनाशामकाने व्यसन लागते, पेपरात आले होते’ असे याचे सार कुणी काढले, तर पुन्हा तीच चूक होईल, फक्त उलट दिशेने. आपल्याकडचा प्रश्न बराचसा अमेरिकेच्या विरुद्ध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदींमुळे मॉर्फिन ठेवणेच अनेक रुग्णालयांना नकोसे झाले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण त्याविना तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. तरीही ‘मॉर्फिन नको, सवय लागेल’ म्हणणारे नातेवाईक आम्हाला आजही भेटतात. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आईच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले असेल, तर ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत जरूर द्या. महिनोन् महिने चाललेल्या कंबरदुखीसाठी अशी गोळी स्वतःच्या मनाने घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

कोणता रुग्ण, कोणते औषध, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे चार तपशील दोन्ही ठिकाणी वेगळे आहेत. १९८० च्या पत्राचा दाखला देणाऱ्या बहुसंख्य लेखकांनी नेमके हेच तपशील पाहिले नव्हते.