अळवावरचे पाणी

डहाणू-तलासरीकडे पाऊस लागला की परसात अळू फोफावते. त्याच्या पानावर चमचाभर पाणी टाकून पाहा. पाणी पसरत नाही. मोत्यासारखे गोल थेंब होतात आणि पान जरा कलले की घरंगळून जातात. आंब्याच्या पानावर टाकले, तर तेच पाणी पसरट होऊन चिकटते. असे का?

शाळेत मुले मला विचारीत. मी सांगे, "अरे, अळवाचे पान तेलकट असते." ते उत्तर अर्धेच होते.

पानावर मेणासारखा थर असतो, हे खरे. पण पान गुळगुळीत नसते. त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. भात कापल्यावर शेतात खुंट राहतात ना? त्यांवर घोंगडी टाकली तर ती खुंटांवरच राहते, जमिनीला टेकत नाही. थेंबाचे तसेच होते. खाली खाचांत हवा राहते. कमळाच्या पानाचीही हीच तऱ्हा. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ साली दाखवून दिले की, असा घरंगळणारा थेंब पानावरची धूळही बरोबर नेतो. पान अंगठ्याने चोळून मग पाणी टाका. मेण गेले, की थेंब चिकटतो. (चीक मात्र लागू देऊ नका, हात खाजेल.)

हिवाळ्यात पहाटे दिसते ते दव. ते आभाळातून पडत नाही. हवेत पाण्याची वाफ असते. रात्री पान गार होते आणि त्याला लागून वाफेचे पाणी बनते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसेच हे. बारके थेंब एकमेकांत मिळतात, जड होतात आणि ओघळतात. काही थेंब मात्र खाचांतच धरतात. ते चिकटून राहतात.

आता कामाचे. भाताचे पानही अळवासारखेच. नुसत्या पाण्यातले औषध फवारले, तर बरेचसे घरंगळून चिखलात जाते. पैसा गेला, दिवस गेला, कीड तिथेच! म्हणून निंबोळी अर्कात साबण घालतात. ५ किलो निंबोळीच्या भुकटीचा १०० लिटर अर्क करतात, त्यात २०० ग्रॅम साबण. साबणाने पाण्याची गोल होण्याची ओढ कमी होते आणि थेंब पानावर पसरतो.

विकतच्या औषधात मात्र आपल्या मनाने साबण घालू नका. काय मिसळायचे ते डब्यावरच्या चिठ्ठीत छापलेले असते. आता ती तुम्हाला वाचता येते.