समजतं, पण करता येत नाही

आमच्या झरीतून रोज सकाळी जी मुलं-मुली एसटीनं परभणीला कॉलेजला जातात, त्यांत 'कम्प्युटरला' असलेली मुलंही आता बरीच असतात. कुणी बीसीए, कुणी बीएस्सी संगणकशास्त्र. घरची माणसं अभिमानानं सांगतात, 'आमचा पोरगा कम्प्युटरला आहे.' कापूस विकून फी भरलेली असते. शिकून झाल्यावर मात्र यांतल्या काही मुलांना दहा ओळींचा प्रोग्राम स्वतःच्या मनानं लिहिता येत नाही. मुलं मठ्ठ असतात म्हणून असं होत नाही. शिकवण्याच्या पद्धतीत कुठंतरी गफलत आहे.

मी स्वतः बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयाकडे वळलो तो भाचीमुळं. 2020च्या टाळेबंदीत ती दुसऱ्या वर्षाला होती. घरात एकच मोबाईल. त्याच्या वीतभर पडद्यावर तिचा तास चालायचा. सर भराभर प्रोग्राम दाखवायचे, ही वहीत उतरवून घ्यायची. एक दिवस म्हणाली, 'मामू, समजता सब, पन करने को नै आता.' तिच्या या एका वाक्यात सगळा प्रश्न आला.

प्रोग्रामिंग हे पोहण्यासारखं किंवा शिलाई मशीन चालवण्यासारखं कसब आहे. ते पाहून कळतं, पण केल्याशिवाय येत नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं, त्याचं एक कारण हेच की तिथं शिकणारा स्वतः यंत्रासमोर बसतो. 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. पदवीला त्यापुढचं, संगणकाला काम सांगायचं शिकायचं असतं. ते अवघड, आणि नेमकं तेच पुष्कळदा फळ्यावर शिकवलं जातं.

पहिली अडचण अगदी साधी असते. प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं, 'क = क + 5'. दहावीपर्यंत गणित शिकलेला मुलगा म्हणतो, हे खोटं आहे, क आणि क अधिक पाच सारखे कसे होतील? त्याची शंका रास्त आहे. इथं बरोबरच्या चिन्हाचा अर्थच वेगळा आहे. क नावाच्या डब्यातली रक्कम काढा, तिच्यात पाच मिळवा आणि ती पुन्हा त्याच डब्यात ठेवा, असा तो हुकूम आहे. शिक्षकानं हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं नाही, तर मुलगा ते पाठ करतो आणि गोंधळ पुढं वर्षभर वागवतो.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. यंत्राला हात लावण्याआधी मुलांकडून कागदावर तक्ता करून घ्यायचा. समजा, 1 ते 3 या आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम आहे. डब्यात सुरुवातीला 0, पहिल्या फेरीनंतर 1, दुसरीनंतर 3, तिसरीनंतर 6. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी एकेक नोंद मांडायची. उत्तर काय येईल, ते आधी सांगायचं आणि मगच प्रोग्राम चालवून पाहायचा. अंदाज चुकला की मूल विचार करू लागतं. चुकीची लाज वाटू दिली नाही, तर ती चूकच शिकवून जाते.

दुसरी पद्धत मोठ्या वर्गाची. शिक्षक प्रश्न देतात. मुलं आधी एकेकटी विचार करून लिहितात, मग शेजाऱ्याशी पडताळतात आणि शेवटी सगळ्या वर्गात चर्चा होते. मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या, शेकडो विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात हे करून पाहिलं गेलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अशा वेळी सरासरी 83 टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. याला ना महागडं यंत्र लागतं, ना इंटरनेट.

तिसरी पद्धत जोडीनं काम करण्याची. एका संगणकावर दोघं बसतात. एकजण टंकतो, दुसरा वाटाड्यासारखा पुढची दिशा सांगतो आणि चुका पाहतो. थोड्या वेळानं जागा बदलतात. जिथं संगणक कमी आहेत, तिथं तर ही सोयच. मात्र अदलाबदल झालीच पाहिजे, नाहीतर हुशार मुलगा टंकत राहतो आणि दुसरा नुसता पाहत बसतो.

आता ऑनलाईन शिक्षणाबद्दल. टाळेबंदीतल्या अनुभवावरून त्याला सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. एनपीटीईएल 2003 साली सुरू झालं, 'स्वयम' 2017 साली आलं. 2021च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून करण्याची मुभा विद्यापीठांना दिली. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये तर साधारण दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजातही आहेत. त्यांची रीत सोपी आहे: थोडं पाहा, थांबवा, तेच स्वतः करा, मग पुढं जा. पण त्यासाठी शेजारी संगणक हवा. एकाच मोबाईलवर धडा पाहायचा आणि त्यावरच प्रोग्राम लिहायचा, हे फार जिकिरीचं काम आहे. शिवाय अशा अभ्यासक्रमांना नावं पुष्कळ जण नोंदवतात, शेवटपर्यंत पोचणारे थोडे असतात. अडलेल्या ठिकाणी 'काय झालं गं?' असं विचारणारं कुणी नसतं.

म्हणून दोन्हींची सांगड घालावी. ऐकण्याचा भाग घरी मोबाईलवर, आणि कॉलेजचा वेळ हातानं करण्यासाठी. शिक्षकानं फळ्यापासून निघून मुलांच्या पाठीशी उभं राहावं.

भाषेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. भाचीच्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि पदवीला इंग्रजी. संज्ञा इंग्रजीतच राहू द्याव्यात, कारण पुढं नोकरीत त्याच भेटणार. पण समजावणं आपल्या बोलीत का नसावं? कापूस वेचायला बाई पात धरते. पात संपेपर्यंत प्रत्येक झाडापाशी तेच काम: बोंड फुटलं असेल तर वेचायचं, नसेल तर पुढं. हाच 'लूप' आणि हीच 'इफ'ची अट. हे सांगितल्यावर भाची हसली आणि म्हणाली, 'हे तर अम्मी रोज करते.' त्या दिवशी तिनं पहिला लूप न पाहता लिहिला.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. आता प्रोग्राम क्षणात लिहून मिळतो. पाठांतराची परीक्षा आणि उतरवून काढलेलं जर्नल यांना त्यामुळं फारसा अर्थ उरला नाही. परीक्षकानं एक ओळ बदलून विचारावं, 'आता काय होईल?' आणि 'ही ओळ कशासाठी?' ज्यानं स्वतः केलं आहे, तोच सांगू शकेल.

शेवटी एक छोटी मागणी. भाचीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल दिवसाच्या शेवटी असायचं. गावाकडच्या मुली बस चुकेल म्हणून अर्ध्यावर उठायच्या. जे हातानं करायचं, तेच नेमकं त्यांच्या हातून सुटायचं. नवी इमारत, नवी यंत्रं येतील तेव्हा येतील. तोवर वेळापत्रकात प्रॅक्टिकल सकाळी घेता येईल की नाही? त्याला कुठलाही निधी लागत नाही, फक्त शेवटच्या बाकावरच्या मुलीची एसटी कितीची आहे, एवढं विचारावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)