भोपळा फोडू न देणं : रग्बी लीगमधल्या शून्याची गोष्ट

गेल्या काही भागांत आपण जास्तीत जास्त गुण, धावा आणि गोल यांच्या विक्रमांबद्दल बोललो. आज उलट्या बाजूने बघू. समोरच्याला काहीच करू न देण्याचाही विक्रम असतो, आणि तो मोजणं वाटतं तितकं सरळ नसतं. त्यासाठी मी उदाहरण निवडलंय रग्बी लीगचं.

आधी खेळाची तोंडओळख

आपल्याकडे क्लबांमध्ये आणि शाळांमध्ये जी रग्बी दिसते ती बहुतेक रग्बी युनियन. रग्बी लीग हे तिचं वेगळं झालेलं भावंड. कामगारांना खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, यावरून इंग्लंडच्या उत्तर भागातल्या क्लबांचं आणि मूळ संघटनेचं बिनसलं. १८९५ मध्ये हडर्सफील्ड इथे हे क्लब बाहेर पडले. पुढे नियमही बदलत गेले आणि दोन खेळ तयार झाले. लीगचं खरं घर आज दोन ठिकाणी आहे : उत्तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा.

एका बाजूला तेरा खेळाडू, सामना ८० मिनिटांचा. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला आणि पेनल्टीची किक साधली तर दोन. खेळ चालू असताना मारलेल्या ड्रॉप गोलचा एक.

कबड्डी पाहणाऱ्यांना यातला टॅकल लगेच समजेल. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायचं. फरक असा की इथे पकडलेला खेळाडू बाद होत नाही. तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडींपर्यंत चेंडू एका संघाकडे राहतो, मग समोरच्याकडे जातो. दर पकडीनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे पळायचं असतं, आणि तिथून पुन्हा पुढे येऊन पुढचा गडी पाडायचा असतो.

शून्य इतकं दुर्मीळ का?

कारण चेंडू सतत हात बदलतो. तुम्ही कितीही बलाढ्य असा, सहा पकडींनंतर समोरच्याची पाळी येतेच. ८० मिनिटांत अशा कितीतरी पाळ्या होतात. त्यातल्या प्रत्येक पाळीत तेराही जणांची रांग शाबूत राहावी लागते. एकजण दमला, अर्धा मीटर मागे राहिला, की तिथे फट पडते.

शिवाय पेनल्टी आहेच. बचाव अभेद्य असला तरी एखाद्याने पकड सोडायला उशीर केला की समोरच्याला दोन गुणांची संधी मिळते. सामना हातातून गेलेला संघही ती घेऊ शकतो. निकाल बदलत नाही, पण पाटी कोरी राहत नाही.

म्हणून असा विक्रम मोजताना मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक, किती वेळ गुण दिला नाही. दुसरी, किती वेळ ट्राय होऊ दिली नाही. पहिलीत शिस्त मोजली जाते, दुसरीत भिंत.

२०१३ : चारशे मिनिटांची भिंत

२०१३ चा विश्वचषक. कार्डिफमधल्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला हरवलं, पण २८-२० असं, म्हणजे वीस गुण देऊन. त्यानंतरचे आकडे पाहा. फिजीविरुद्ध ३४-२. आयर्लंडविरुद्ध ५०-०. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्ध ६२-०. उपांत्य फेरीत पुन्हा फिजी, ६४-०. आणि ओल्ड ट्रॅफर्डवरच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ३४-२.

पाच सामन्यांत २४४ गुण केले, दिले फक्त चार. ते चारही पेनल्टीचे. म्हणजे सलग पाच पूर्ण सामने, ४०० मिनिटं, एकाही संघाला ट्राय करता आली नाही. गुणांच्या हिशेबाने मधले तीन सामने कोरे, म्हणजे २४० मिनिटं. त्याच्या दोन्ही टोकांना शेजारच्या सामन्यांतली काही मिनिटं जोडली जातात. ‘इतके सामने’ आणि ‘इतकी मिनिटं’ असे दोन वेगळे विक्रम ऐकू येतात ते यामुळेच.

पण शून्य कोणाविरुद्ध?

हा प्रश्न विचारल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. अमेरिका, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातलं अंतर फार मोठं आहे. मुंबईचा रणजी संघ एखाद्या तालुक्याच्या संघाशी खेळला तर धावफलकावरून गोलंदाजी किती चांगली होती हे कळेल का? तसंच हे.

याचा धडा ऑस्ट्रेलियालाच आधीच्या विश्वचषकात मिळाला होता. २००८ मध्ये त्यांनी न्यूझीलंडला ३०-६, इंग्लंडला ५२-४ आणि उपांत्य फेरीत फिजीला ५२-० असं हरवलं. तीन सामन्यांत दिलेले गुण दहा. मग ब्रिस्बेनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला, आणि त्याच न्यूझीलंडने एका संध्याकाळी ३४ गुण करून ३४-२० असा विजय मिळवला. आधीचे कोरे फलक त्या दिवशी कामी आले नाहीत.

म्हणूनच मला २०१३ च्या मालिकेत ६४-० पेक्षा ३४-२ मोठा वाटतो. आकड्यात शून्य नाही, पण समोर गतविजेते होते.

आणि त्याहूनही मोठा वाटतो २०१७ चा अंतिम सामना. पुन्हा ब्रिस्बेन, समोर इंग्लंड. ऑस्ट्रेलिया जिंकली ६-०. बॉइड कॉर्डनरची एकच ट्राय आणि तिच्यावरची किक. दुसऱ्या अर्धात इंग्लंडचा कॅलम वॉटकिन्स मोकळा सुटला होता. जॉश ड्यूगनने मागून झेप घेऊन त्याच्या घोट्याला हाताचा फटका मारला आणि तो कोसळला. जिथे एक ट्राय आणि किक झाली असती तर बरोबरी होती, तिथे टिकवलेलं हे शून्य आहे. ६४-० मधलं शून्य आणि ६-० मधलं शून्य लिहिताना सारखंच दिसतं, किंमत मात्र सारखी नाही.

जुने विक्रम, नवे विक्रम

आणखी एक काळजी घ्यायला हवी. सहा पकडींची मर्यादा पूर्वी नव्हती. संघ हवा तितका वेळ चेंडू स्वतःकडे ठेवू शकत असे, आणि समोरच्याला चेंडूच मिळाला नाही तर गुण कुठून मिळणार? १९६६ च्या अखेरीस चार पकडींची मर्यादा आली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा झाली. ट्रायचे गुण १९८३ मध्ये तीनाचे चार झाले. त्यामुळे मर्यादेच्या आधीचं शून्य आणि आजचं शून्य एकाच यादीत लावताना सांभाळूनच.

म्हणून २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पेनरिथ संघाने हंगामाचे पहिले दोन सामने २४-० आणि २८-० असे जिंकले, ते मला मोलाचं वाटतं. आजचा वेगवान खेळ, व्यावसायिक प्रतिस्पर्धी, आणि तरीही दोनदा कोरी पाटी. त्या वर्षीचं विजेतेपदही त्यांचंच, पण अंतिम सामना जिंकला तो १४-१२ असा.

आपल्या बापूंचं शून्य

मराठी माणसाला या प्रकारचा विक्रम नवा नाही. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. डावातले त्यांचे आकडे : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सामना अनिर्णित राहिला.

बळी नाही, विजय नाही, तरी साठ वर्षांनंतरही आपण तो आकडा सांगतो. कारण त्यामागे दर चेंडूला तीच अचूकता आहे, कंटाळा न करता. रग्बी लीगमध्येही पकड केल्यावर दहा मीटर मागे पळायचं, आणि परत पुढे यायचं. टाळ्या ट्राय करणाऱ्याला मिळतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही खेळात ‘इतक्या मिनिटांत एकही गुण दिला नाही’ असं ऐकलंत, की तीन प्रश्न विचारा : समोर कोण होतं, नियम कोणते होते, आणि तेव्हा पणाला काय लागलं होतं? उत्तरं समाधानकारक असतील तर तो विक्रम खुशाल डोक्यावर घ्या.

भेटू पुढच्या भागात.