गोलाईचा नाद

इलेक्ट्रॉनिक संगीतात वादकाची बोटे किंवा वाद्याचा घाट श्रोत्याला बहुधा दिसत नाही, त्यामुळे ध्वनीला दृश्य ओळख देण्याचे काम येथे बोधचिन्हावर, म्हणजे लोगोवर, अधिक येऊन पडते. ‘एफेक्स ट्विन’ या नावाने संगीत रचणारे ब्रिटिश संगीतकार रिचर्ड डी. जेम्स यांचे चिन्ह या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. हे नाव ध्वनी-उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीवरून आले असले, तरी चिन्हात यंत्राचा मागमूस नाही. 1990 च्या दशकाच्या आरंभी पॉल निकोल्सन यांनी ते हाताने रेखाटले, तेव्हा आकार मऊ व अनिश्चित असावा आणि रेषा तीक्ष्ण नसाव्यात, अशी जेम्स यांची अपेक्षा होती. त्यातून साकारलेला रोमन ‘ए’ प्रथमदर्शनी अक्षर वाटतच नाही.

आकाराप्रमाणे ध्वनीही ‘मऊ’ असतो असे आपण म्हणतो, त्याला भौतिक आधार आहे. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता मांडून काढलेले ध्वनीचे चित्र. त्यात टिचकीसारखा आघात उभ्या रेघेसारखा उमटतो, तर हळूहळू फुलणारा स्वर आडव्या, कडा विरत गेलेल्या पट्ट्यासारखा दिसतो. ऐकलेला ध्वनी आणि पाहिलेला आकार यांचा असा मेळ माणसाच्या मनातही बसतो, हे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी 1929 मध्येच टिपले होते. पुढे 2001 मध्ये संशोधक रामचंद्रन व हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘कीकी’ हे निरर्थक शब्द वापरून दाखवले, की बहुतेक माणसे गोलसर आकाराला ‘बूबा’ आणि टोकेरी आकाराला ‘कीकी’ म्हणतात.

यावर एक आक्षेप घेतला गेला: रोमन ‘बी’ गोल आणि ‘के’ टोकदार असल्यामुळे ही निवड कानाची नसून लिपीची असेल. हैदराबादेत हा आक्षेप तपासण्याचे साधन साक्षात समोर असते, कारण येथील पाट्यांवर रोमनशेजारी असलेल्या तेलुगूत ‘क’ हे अक्षर ‘ब’इतकेच वळणदार आहे. ही गोलाई ताडपत्रातून आली असे सामान्यतः मानले जाते. लोखंडी लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली, तर पान तंतूंच्या दिशेने चिरण्याचा धोका असे. म्हणजे लिपीचा घाट लेखनसाहित्याने ठरवला, उच्चाराने नव्हे. नऊ भाषाकुले आणि दहा लेखनपद्धतींमधील 25 भाषांच्या 917 भाषकांवर केलेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बूबा-कीकीचा हा मेळ एकंदरीत टिकून राहिला आणि रोमन लिपी वापरणाऱ्यांत तो किंचितच अधिक आढळला. लिपीचा वाटा आहे, पण तो दुय्यम आहे.

मऊपणाच्या याच जाणिवेला साद घालणारे निकोल्सन यांचे चिन्ह नंतर फारसे बदलले नाही, बदलली ती माध्यमे. जेम्स यांच्या 1999 च्या ‘विंडोलिकर’ या सिंगलमध्ये तर संगीतच चित्र झाले: त्यातील गणिती सूत्र हेच शीर्षक असलेल्या रचनेच्या शेवटाकडे, वारंवारतेचा अक्ष लघुगणकी मापाने मांडल्यास, स्पेक्ट्रोग्राममध्ये मानवी चेहरा उमटतो. ऑगस्ट 2014 मध्ये लंडनवर हे चिन्ह मिरवणारी हिरवी वायुनौका तरंगली आणि नवा अल्बम येत असल्याचे चाहत्यांनी ताडले; तो होता ‘सायरो’. पुढे 2018 मध्ये लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भुयारी स्थानकात त्याच चिन्हाची त्रिमितीय, वेडीवाकडी रूपे झळकली, आणि त्याच वर्षी ‘कोलॅप्स’ हा ईपी, म्हणजे छोटेखानी अल्बम, प्रसिद्ध झाला.