प्रेक्षक होतेच, बर्फ मिळत नव्हता

मॉन्ट्रियल ही आइस हॉकीची पंढरी. तिथल्या बेल सेंटरमध्ये एरवी कॅनेडियन्स या पुरुषांच्या मातब्बर संघाचे सामने रंगतात. २० एप्रिल २०२४ रोजी मात्र त्या बर्फावर मॉन्ट्रियल आणि टोरांटोच्या महिला संघांची गाठ पडली आणि सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. महिलांच्या आइस हॉकीला तोवर जगात कुठेही एवढी गर्दी झाली नव्हती. आधीचा १९,२८५ चा विक्रम जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा, टोरांटोमधला आणि याच हंगामातला. ज्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगने हे दोन्ही विक्रम केले, ती सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते.

‘बायकांचा खेळ बघायला येतंय कोण?’ असं म्हणून या खेळाडूंची वर्षानुवर्षं बोळवण झाली होती. उत्तर खरं तर समोरच होतं. महिलांची जागतिक स्पर्धा १९९० पासून, ऑलिंपिकमधली हॉकी १९९८ च्या नागानोपासून. अमेरिका आणि कॅनडा समोरासमोर आले की दोन्ही देश टीव्हीसमोर बसत. पण पदकं गळ्यात पडली की या खेळाडूंनी पुढच्या ऑलिंपिकपर्यंत खेळायचं कुठे आणि पोट कशावर भरायचं, याची सोय कुणी करत नव्हतं.

लीग झाल्या, पण तुटपुंज्या पैशावर. कॅनडात २००७ मध्ये सुरू झालेल्या लीगमध्ये पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगारच नव्हता. अमेरिकेत २०१५ मध्ये पगार देणारी लीग आली, पण त्यावर घर चालणं कठीण होतं. त्यामुळे दिवसा नोकरी आणि रात्री सराव, असं अनेकींचं आयुष्य. बंदिस्त मैदानातला बर्फ तासाच्या भाड्याने मिळतो. सोयीच्या वेळा मुलांच्या आणि पुरुषांच्या संघांकडे जातात, उरलेल्या इतरांच्या वाट्याला येतात. दिवसभर राबून आलेल्या खेळाडूकडून मग वेगवान, चुरशीच्या खेळाची अपेक्षा करायची आणि तो दिसला नाही की प्रेक्षक नाहीत म्हणून हात झटकायचे, असं ते दुष्टचक्र होतं.

२०१९ च्या वसंतात कॅनडाची लीग बंद पडली. त्यानंतर मे महिन्यात दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केलं की, आम्हाला जगता येईल अशी लीग उभी राहत नाही तोवर उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच व्यावसायिक लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी असतात आणि ती त्यांनी पणाला लावली. पुढची चार वर्षं त्या शहरोशहरी प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या. मदतीसाठी त्या बिली जीन किंग यांच्याकडे गेल्या होत्या. १९७० मध्ये एकेका डॉलरचा करार करून महिला टेनिसचा स्वतंत्र संसार थाटणाऱ्या नऊ जणींपैकी किंग एक. बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्सचे मालक मार्क वॉल्टर पाठीशी उभे राहिले आणि जून २०२३ मध्ये २०१५ पासूनची ती प्रतिस्पर्धी लीग विकत घेऊन एकच नवी लीग उभी करायचं ठरलं.

इथे एक गोष्ट उलट्या क्रमाने झाली आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. पहिला सामना होण्याआधी खेळाडूंच्या संघटनेशी लेखी करार झाला. वर्षाला किमान ३५ हजार डॉलर, प्रत्येक संघातल्या किमान सहा जणींना ८० हजार किंवा त्याहून अधिक, शिवाय मातृत्वाच्या सवलती. अमेरिकेची केंडल कॉइन स्कोफिल्ड या लढ्यात आघाडीवर होती. जुलै २०२३ मध्ये तिला मुलगा झाला, जानेवारीत ती मिनेसोटाची कर्णधार म्हणून बर्फावर उतरली आणि मे महिन्यात तिच्याच हातात करंडक आला.

पहिला हंगाम घाईत उभा राहिला. सहा संघांना नावंसुद्धा नव्हती, जर्सीवर तिरक्या ओळीत नुसतं शहराचं किंवा राज्याचं नाव. तरीही मैदानं भरली, कारण खेळ अस्सल होता. चेंडूसारखा वापरला जाणारा ‘पक’ अंगाला अंग भिडवून हिसकावायला इथे आंतरराष्ट्रीय महिला हॉकीपेक्षा अधिक मोकळीक आहे. नियमही विचार करून केलेले. आइस हॉकीत चूक करणारा खेळाडू साधारण दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. या काळात अपुऱ्या संघाने गोल केला, तर या लीगमध्ये बॉक्सचं दार उघडतं आणि शिक्षा तिथेच संपते. त्यामुळे एरवी नुसता बचाव करणारा संघही हल्ल्याची संधी शोधतो. नवोदितांच्या निवडीचा पहिला मान तळाच्या संघाला आयता मिळत नाही. बाद फेरीची आशा संपल्यावर जो संघ अधिक गुण कमावेल, त्याला तो मिळतो. हरलेल्या संघालाही शेवटपर्यंत जिंकावंसं वाटावं, अशी ही व्यवस्था आहे.

पहिल्याच अंतिम फेरीने तर कळस केला. पाच सामन्यांच्या मालिकेत मिनेसोटा बोस्टनविरुद्ध २-१ ने पुढे होती. चौथा सामना घरच्या मैदानावर, गोलफलक कोरा, दुसरी जादा वेळ चालू. मिनेसोटाने गोल केला, हातमोजे आणि काठ्या हवेत उडाल्या, खेळाडूंनी एकमेकींना मिठ्या मारल्या. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि गोलरक्षिकेला अडथळा झाला म्हणून गोल रद्द केला. बर्फावर विखुरलेलं सामान गोळा करून पुन्हा उभं राहायचं होतं. मिनिटभरातच बोस्टनने गोल करून सामना जिंकला. एखादा संघ तिथेच कोसळला असता. तीन दिवसांनी मिनेसोटाने बोस्टनच्या मैदानावर ३-० असा विजय मिळवला. असा सामना पाहिलेला माणूस तिकिटासाठी पुन्हा रांग लावतो, त्याला जाहिरातीची गरज पडत नाही.

दुसऱ्या हंगामात सामने वाढले आणि दोन हंगामांची मिळून प्रेक्षकसंख्या दहा लाखांपलीकडे गेली. तिसऱ्या हंगामात सिअ‍ॅटल आणि व्हँकुव्हर हे दोन संघ आले. अर्थात सगळं साधलं असं नाही. पुरुषांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२४-२५ चा किमान पगार पावणेआठ लाख डॉलर होता, म्हणजे या मुलींच्या किमान पगाराच्या वीसपटीहून अधिक. शिवाय सगळे संघ अजून एकाच मालकाच्या हातात आहेत.

भारतात आइस हॉकी खेळणाऱ्या मुली मुख्यतः लडाख आणि हिमाचलच्या. गोठलेल्या तळ्यांवर, थंडीचे मोजके आठवडे मिळणाऱ्या बर्फावर त्या शिकल्या. त्यांच्या जोरावर भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. वर्षभर टिकणारा बर्फ मिळाला तर या मुली कुठवर जातील, याचा अंदाज बांधायला मॉन्ट्रियलचं उदाहरण पुरेसं आहे. आपल्याकडे महिला क्रिकेटलाही प्रीमियर लीगसाठी २०२३ ची वाट पाहावी लागली होती.

लोकप्रियता आधी सिद्ध करा, मग पैसे देऊ, ही अट महिला खेळाडूंना आजवर घातली गेली. या लीगने आधी पगार दिला, चांगल्या वेळी चांगला बर्फ दिला, मोठं मैदान दिलं आणि लोक आले. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कोणताही खेळ घ्या. मुलींच्या सामन्याला गर्दी नाही अशी तक्रार करणाऱ्या संघटकाला यापुढे एकच विचारावं, तुम्ही त्यांना खेळायला दिलंत काय?