पोटातला एव्हरेस्ट

पोटातलं बाळ नऊ महिने पाण्यात असतं. फुप्फुसं असतात, पण हवा नसते. मग त्याला प्राणवायू मिळतो कुठून? आईच्या रक्तातून, हे आपण शाळेत पाठ केलं आणि पुढच्या धड्याकडे वळलो. तिथं जरा थांबायला हवं होतं, कारण आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळतच नाही! वारेमध्ये दोन्ही रक्तं पातळशा पडद्याच्या दोन बाजूंना वाहतात. पलीकडे आईच्या हिमोग्लोबिननं धरून ठेवलेला प्राणवायू बाळाला अलीकडे ओढून घ्यावा लागतो. तोही किती तुटपुंज्या साठ्यावर! एव्हरेस्टच्या माथ्याजवळ गिर्यारोहकाच्या रक्तात प्राणवायूचा जेवढा दाब उरतो, जवळपास तेवढ्यावरच पोटातलं बाळ वाढत असतं.

ते जमतं, कारण बाळाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बाळाकडे बीटाऐवजी गॅमा. आपल्या तांबड्या पेशीत एक छोटासा रेणू असतो, तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायू सोडायला लावतो. गॅमा साखळी त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून बाळाची पकड आईपेक्षा घट्ट.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे गॅमा-बीटा गटातल्या साखळ्यांची जनुकं अकराव्या गुणसूत्रावर ज्या क्रमानं मांडलेली आहेत, त्याच क्रमानं ती आयुष्यात कामाला येतात. आधी अगदी सुरुवातीच्या गर्भाचं, मग गॅमा, शेवटी बीटा. जन्माच्या सुमारास गॅमा मागं सरू लागतं आणि साधारण सहा महिन्यांत सूत्रं बीटाच्या हाती जातात.

आता शहाद्याशेजारच्या लोणखेड्यात या. उत्तरेला सातपुडा, भिल्ल आणि पावरा पाडे. नंदुरबार जिल्ह्याच्या या पट्ट्यात सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार. इथल्या एखाद्या आईला छान बाळ होतं. ते बाळसं धरतं, हसतं, पालथं पडतं. सहा महिने उलटतात आणि एक दिवस त्याची इवली बोटं सुजतात. हात लावू देत नाही, रडं थांबत नाही. आईला वाटतं, काही चावलं का? कुणाची नजर लागली का?

लागलेलं काहीच नसतं. बिघाड पहिल्या दिवसापासून होताच. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओवलेली असतात. त्यातलं सहावं, फक्त सहावं, बदललेलं असतं! 1950च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे शोधलं तेव्हा एवढ्याशा फरकानं आजार होतो हे पाहून शास्त्रज्ञही चक्रावले. प्राणवायू सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं, आणि गोल लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा भाग तळमळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच संपते.

मग आधीचे सहा महिने? न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनाही तोच प्रश्न पडला होता. नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या पेशी इतक्या कमी का? त्यांनी 1948 मध्ये अंदाज मांडला की गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला राखतंय. तो खरा निघाला. बीटा अजून कमी असतं, आणि गॅमा साखळी त्या काड्यांत बसतच नाही, जुळणीच मोडते. आईकडून प्राणवायू ओढायला मिळालेलं हत्यार बाहेर आल्यावर ढाल झालं!

अशा वेळी बोल बहुधा आईलाच लागतो. हा शुद्ध अन्याय आहे. आजार होण्यासाठी आई आणि बाप, दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता, आणि नाणं प्रत्येक वेळी नव्यानं उडतं. पहिलं मूल धडधाकट निघालं म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. वाहक आई स्वतः सहसा ठणठणीत असते, त्यामुळे तपासणी होईपर्यंत तिला पत्ताच नसतो.

आणि हे जनुक टिकलं तरी का? एकच सदोष जनुक असलेल्या मुलांना मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवलं. रानातल्या तापात जे जनुक कुण्या पणजीला तारून गेलं असेल, तेच आज पणतवंडाची बोटं सुजवतं.

आता शास्त्रज्ञ उलटं चाललेत: ती ढाल परत आणता येईल का? गॅमा बंद ठेवणारा एक मुख्य कळीचा घटक 2008 मध्ये स्पष्ट झाला. त्यालाच रोखणाऱ्या जनुक-उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली. अमेरिकेतली किंमत सुमारे 22 लाख डॉलर! पाड्यावरच्या आईनं हा आकडा ऐकून काय करावं? पण तिच्यासाठी एक साधी गोळी आहे, हायड्रॉक्सीयुरिया. मुळात ती कॅन्सरवरची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतली की पुष्कळ मुलांच्या अस्थिमज्जेत गॅमा साखळ्या पुन्हा जास्त बनू लागतात, आणि दुखण्याचे झटके कमी होतात.